आठ मिनिटांची सांगली

सांगलीला ताईच्या नातवाची मुंज. साताऱ्याहून जायचं कसं, एवढाच घरात विषय. चिरंजीवांनी मोबाइलवर बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "बाबा, हवाई अंतर साधारण 110 किलोमीटर. विमानाने आठ मिनिटं!"

आठ मिनिटं तर मला चष्मा शोधायला लागतात. तेवढ्यात पट्टा बांधायचा कधी, ढग बघायचे कधी आणि चहा आलाच तर तो निवायचा कधी?

"विमान सुटतं कुठून?" मी विचारलं. चिरंजीव गप्प. साताऱ्याला विमानतळ नाही. कराडला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान नाही. सांगलीजवळ कवलापूरला जुन्या धावपट्टीची जागा आहे; तिथे विमान अजून तरी भाषणांतच उतरतं. म्हणजे आधी पुण्याचं लोहगाव गाठा, कुठून तरी फिरून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला उतरा आणि उलटे सांगलीला या. विमानासाठी उत्तरेला जेवढं जायचं, जवळजवळ तेवढंच दक्षिणेला गेलं की सांगलीच येते!

खरं तर ही दोन गावं परकी कधी नव्हतीच. 1949 साली सातारा जिल्ह्याची वाटणी झाली, तेव्हा धाकट्या पातीचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. 1960 मध्ये ते 'सांगली' झालं. वेगळी चूल मांडलेल्या भावाकडे जायचं, ते काय आकाशातून?

शिवाय दोन्हीकडे पाणी एकाच नदीचं. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कराडला कोयना येऊन भेटते आणि सगळं लटांबर सांगलीला जातं. कोयना धरणाचे दरवाजे उचलले की सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाकडे लागतात. 1929 सालचा हा पूल. पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. अशा वेळी ताईचा फोन येतो, "तुमच्याकडे पाऊस कितपत आहे रे?" ती आमची खुशाली विचारत नसते. तळमजल्यावरचं तांदळाचं पिंप माळ्यावर चढवायचं की नाही, ते ठरवत असते. आमच्या अंगणातला पाऊस पुढे तिच्याच दारावरून जायचा असतो.

काल तिला विमानाचं सांगितलं. ती म्हणाली, "आठ मिनिटांत येऊन काय करणार? इथे अजून मांडव पडायचाय. कंदी पेढे तेवढे विसरू नकोस."

तेव्हा ठरलं. कराड, पेठ नाका, आष्टा करत, उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत एसटीनेच जायचं. गाडी साडेसहाची आहे. खिडकीशी रुमाल टाकायला मी सहालाच स्टँडवर असेन.