आपण आपल्या शेतापासून दूर आहात

दुधनीच्या शिवारात, कंबरेएवढ्या तुरीत, भर उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मोबाईल सांगतो की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. बाप या मातीत राबला, आजा याच बांधावर बसून भाकरी खायचा, पण उपग्रहाला ते कुणी कळवलेलं नाही. मोबाईल 'आपण' म्हणतो, एवढा मान तरी मिळाला. चावडीत आजवर 'नंतर ये' याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतकऱ्यानं आपलं पीक मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये स्वतः नोंदवायचं. घोषणाही झकास होती: माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा. आता नोंदीसाठी पिकाचा फोटो काढायचा तर आपल्या गटात किंवा त्याच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. हरकत नाही, शेतकरी शेतातच असतो. गट कुठे असतो, एवढाच प्रश्न आहे.

तो शोधून द्यायला गावातला एक पोरगा या शेतकऱ्याच्या, आप्पांच्या, मदतीला येतो. त्याच्या मोबाईलवर ठिपका एकीकडे आणि गट दुसरीकडे. "आप्पा, जरा मागं सरका की." आप्पा सरकतात. "अजून थोडं." आप्पा बांधावर येतात. "अजून." आप्पा बांध ओलांडून चुलतभावाच्या उडदात उतरतात आणि मोबाईल खूश होतो: आता आपण आपल्या शेतात आहात! या बांधापायी दोन पिढ्यांनी अक्कलकोटच्या कोर्टाचे उंबरे झिजवले, वकिलांची घरं उभी राहिली, आणि निकाल लागला तो पोराच्या मोबाईलवर. चुलतभाऊ लिंबाखालून सगळं बघतोय. आप्पांना आता फोटो हवाय तुरीचा आणि पायाखाली आहे उडीद, म्हणून हात लांब करून, मान वाकडी करून ते आपल्याच पिकाचा फोटो चोरासारखा काढतात. मोबाईलचं ऐकून ते असेच पूर्वेला सरकत राहिले तर हद्द ओलांडतील, शेजारच्या राज्यात शिरतील, आणि सोलापूर-वाडी लोहमार्गाच्या कडेनं चालत राहिले तर गाणगापूर रोड स्टेशनही लागेल. तिथं उतरलेल्याला निदान दत्ताचं दर्शन घडतं. तिकडेही शेतकऱ्यानं स्वतः पीक नोंदवायचं अ‍ॅप आहे, आणि कन्नड तर आप्पांच्या घरचीच. सातबाऱ्याला तिकडे पहाणीच म्हणतात. पहाणी झाली म्हणायची, राज्य तेवढं चुकलं.

पूर्वी तलाठी चावडीत बसून गाव नमुना बारा भरायचे. गेल्या वर्षी ज्वारी होती ना, मग यंदाही ज्वारी. विहीर आहे ना, मग ऊस लिहून टाका. नोंद खोटी असायची, पण शेत जागेवर असायचं. आता नोंद खरी करायची म्हणून शेतच हललं आहे.

हललं कसं, तेही सरळ आहे. साखळी टाकून मोजलेले जुने कागदी नकाशे, 1947 च्या कायद्यानंतर एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे झालेले गट, पुढे भावाभावांत तोंडी झालेल्या वाटण्या. ते फाटके, ताणलेले कागद स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर अंथरले, की कुठे ना कुठे सरकणारच. हे मोजणी करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तरीही 'दूर आहात' हे शेतकऱ्यालाच ऐकावं लागतं. नकाशा दूर आहे, असं त्या अ‍ॅपमध्ये कुणीही लिहिलेलं नाही!

इथं मला हसू येईनासं होतं. पगार घेणाऱ्याचं काम बिनपगारी माणसाकडे आलं, तेही एक वेळ चाललं असतं. पण कामाबरोबर दोषही त्याच्याच अंगावर आला. पूर्वी नोंद चुकली तर तलाठ्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. आता नोंद नसेल तर उत्तर तयार: तुम्हीच केली नाही. मग हमीभावाच्या तूर खरेदीची नोंदणी अडते, विम्याचं भांडण लागतं, नुकसानभरपाईला शंका येते. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, सोलापूर जिल्ह्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी माणूस पीक शोधेल की रेंज? त्यात ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, ज्याचं शिक्षण कन्नड शाळेत झालंय, ज्याची पोरं पुण्यात कामाला आहेत, त्यानं हे मराठी अ‍ॅप कुणाच्या डोळ्यांनी वाचायचं? गावोगाव सहायक नेमले म्हणतात. नेमले, पण त्यांच्या हातातला नकाशाही तोच आहे.

यावर उपाय म्हणून मुदतवाढ मिळते. मुदत वाढल्यानं गट जवळ येत नाही. तेव्हा मायबाप, मुदतवाढ पुरे. नकाशा जागेवर आणा, आणि तो येईपर्यंत राहिलेल्या प्रत्येक नोंदीचा दोष ज्यानं नकाशा अंथरला त्याच्या नावावर चढवा.