गाठी जातात, शर्ट येतात

श्रीमंत मुलखाला गरीब मुलखाचा कळवळा आला की तो आधी रस्ता बांधतो. माल बाहेर न्यायला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्या कापसाविना उपाशी पडल्या आणि साहेबाला आमच्या दळणवळणाची काळजी वाटू लागली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे धावणारी शकुंतला रेल्वे तर स्वातंत्र्यानंतरही विलायती कंपनीच्याच मालकीची. आता ती बंद आहे. कापसाचं अडत नाही, ट्रक आहेत!

साहेब गेला, मुंबई आली. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि नागपुरात अधिवेशन असं ठरलं. अधिवेशन भरतं. वाट्याचं काय झालं ते दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मोजलं: राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी, त्यात विदर्भाचा १,२४६. मग १९९४ मध्ये विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. मोजणाराच घरी गेला म्हटल्यावर अनुशेष वाढला असं म्हणणार कोण?

स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलंय, की संपन्न भाग शेजाऱ्याला थोडंफार देतो, पण माणसं, पैसा आणि माल ओढून नेतो. मिर्डाल आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवशाला कधी आले नसावेत, पण इथल्या प्रत्येक घरातला एक पोरगा पुण्यात आहे हे त्यांना ठाऊक होतं जणू. कापसाच्या गाठी गुजरात-तामिळनाडूला जातात आणि त्याचाच शर्ट आम्ही अमरावतीच्या दुकानात घासाघीस करून घेतो.

आता अमरावतीजवळच्या नांदगावपेठेत वस्त्रोद्योग पार्क होतंय. उत्तम! तिथे लिननची गिरणी आधीपासूनच आहे. लिनन म्हणजे जवसाचा धागा, आणि आमच्याकडे जवस चटणीत पडतो. त्यामुळे कारखाना आला म्हणून कापूस इथेच थांबेल, हे गृहीत धरू नका. फाटकातून सूत बाहेर पडतं की शिवलेला कपडा, आणि आतल्या सुपरवायझरचं गाव कोणतं, तेवढं विचारा.

मुंबईला शिव्या देऊन झाल्या असतील तर जरा उत्तरेला बघू. हंगामात मेळघाटातले कोरकू मजूर पोराबाळांसकट आमच्या सपाटीवर उतरतात. सोयाबीन सोंगतात, हरभरा काढतात, कुठेतरी पाल टाकून राहतात. तेव्हा त्यांच्या मजुरीचा भाव कोण पाडतं? सागवान आमच्या दारा-खिडक्यांत, वाघ आमच्या पाहुण्यांना दाखवायला, आणि मेळघाटातल्या धारणीला बदली झाली की आमचाच साहेब आमदाराच्या दारात रद्द करायला उभा! विदर्भाच्या अन्यायावरच्या पुढच्या सभेत एखाद्या कोरकू माणसाला माइक द्या, राजेहो. तो मुंबईचं नाव घेणार नाही.