आधी दुसरा, मग पहिला

कल्याण-शीळ रस्त्यावर गाडीला गिअर किती, हा प्रश्न निव्वळ तात्त्विक आहे. कंपनी पाच देते, सहा देते. पत्रीपुलापासून शीळफाट्यापर्यंत हा रस्ता त्यातले दोनच वापरू देतो. बाकीचे गिअर आपण हप्त्यांत फेडतो आणि न वापरता पुढच्या मालकाला विकतो.

आता गंमत बघा. याच रस्त्यालगत प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता. 1990च्या दशकात इथे प्युजो 309 तयार व्हायची. आज प्रीमियर हे नाव मैदानाला, कॉलनीला आणि रिक्षावाल्याला सांगायच्या स्टॉपपुरतं उरलंय. पण या घराण्याची खरी नाव काढणारी गाडी पद्मिनी, ती कुर्ल्याची. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून मिरवली. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पुढे जायला चार गिअर. त्यांतल्या वरच्या तिघांना सिंक्रोनायझर, पहिल्याला नाही. म्हणजे ज्या गिअरवर आज अख्खी कल्याण-डोंबिवली जगते, नेमका तोच पद्मिनीत सगळ्यात तुसडा.

सिंक्रोनायझर ही वस्तू दिसायला अगदी किरकोळ. शंकूसारखं उतरतं एक पितळी कडं. गिअर टाकताना दोन फिरत्या भागांना एकमेकांत अडकवायचं असतं. एकाचा वेग इंजिनाने ठरवलेला, दुसऱ्याचा चाकांनी. दोघांचं जुळलं नाही की दातावर दात आणि खर्रर्र. हे कडं आधी नुसतं घासतं, घासून दोघांना एका वेगावर आणतं आणि मगच दातांना वाट देतं. कॅडिलॅकने 1928 साली ही सोय बाजारात आणली. तोवर हे काम ड्रायव्हरच्या दोन पायांकडे आणि दोन कानांकडे होतं.

डोंबिवलीकराला हे समजावायला आकृती काढावी लागत नाही. सुटलेली लोकल धरणारा माणूस आधी फलाटावर गाडीच्या वेगाने धावतो आणि मग दांड्याला हात घालतो. जागच्या जागी उभं राहून दांडा धरणाऱ्याचा खांदा त्याच्याबरोबर ऑफिसला पोचेलच असं नाही. (धावून गाडी धरणंही वाईटच, मी फक्त यंत्रशास्त्र सांगतोय.) तर ते दांडा धरण्याआधीचं धावणं म्हणजे डबल क्लच.

मला डबल क्लच शिकवला मामांनी. मामा एसटीत ड्रायव्हर होते. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट आणि पुढे नगर. त्यांच्या काळातल्या बसच्या गिअरबॉक्सला सिंक्रो वगैरे लाड नव्हते. आयुष्यभर इंजिनाला खेटून बसल्यामुळे मामांना आता ऐकू कमी येतं आणि ते घरातसुद्धा घाटातल्या आवाजात बोलतात. पण गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय ते त्यांना अजून बरोबर ऐकू येतं. मामी म्हणते, हाक मारली तर ऐकू येत नाही, खालून कुणाची गाडी कुरकुरत गेली तर लगेच गॅलरीत.

वडिलांच्या पद्मिनीत मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी, मामी मागे भाजीच्या पिशव्यांसह. टॉपमधून तिसऱ्यात यायचं होतं.

"क्लच दाब. न्यूट्रल. क्लच सोड. आता एक्सलेटरला एक टिचकी. परत क्लच. आता टाक."

"पण मामा, तिसऱ्याला सिंक्रो आहे ना? सरळ टाकला तर?"

"पायाला सवय नको? आणि पहिल्याला काय करशील? टाक तोही सरळ. तुझ्या बापाचीच गाडी आहे."

मागून मामी म्हणाली, "अहो, काही मोडायच्या आत घरी चला."

त्या टिचकीत सगळी विद्या आहे. समजा टॉपमध्ये इंजिन 2000 फेऱ्यांवर आहे आणि तिसरा त्याच्या दीडपट आहे. तर गाडीचा वेग तोच ठेवून तिसऱ्यात यायला इंजिनाच्या 3000 फेऱ्या हव्यात. या वरच्या हजार फेऱ्या कुणीतरी भरून द्यायच्या असतात. सिंक्रो असेल तर ते कडं स्वतः झिजून देतं, नसेल तर तुमच्या उजव्या पायाने द्यायच्या. गिअर वर चढवताना उलटं. तिथे द्यायचं काही नसतं, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून आतल्या शाफ्टची रग उतरू द्यायची असते. मामांच्या मते माणसं गिअर चढवताना जास्त चुकतात, कारण थांबणं कुणाला जमत नाही.

घाटात ही नुसती कलाकुसर नव्हती. उतारावर वरचा गिअर काढला आणि खालचा पडलाच नाही, तर बस न्यूट्रलमध्ये मोकळी, इंजिनाचा अडसर संपला आणि सगळी मदार ब्रेकवर. म्हणून खालचा गिअर माथ्यावरच टाकायचा, उतारावर शोधत बसायचं नाही. माळशेजच्या पावसात, समोरची काच घामाने धुरकटलेली, मागे प्रवासी डुलक्या घेताहेत, अशा वेळी मामांच्या पायांनी हा हिशेब किती वेळा सोडवला असेल. प्रवाशांना पत्ताही लागत नसे. आवाज झाला नाही, हीच शाबासकी.

पद्मिनीच्या पहिल्या गिअरसाठी मामांची वेगळी युक्ती होती. गाडी उभी असली तरी क्लच दाबल्या दाबल्या आतला शाफ्ट थोडा वेळ गरगरत असतो, त्यामुळे पहिला थेट टाकला की ओरडा. मग आधी दांडा दुसऱ्याकडे न्यायचा. दुसऱ्याला सिंक्रो आहे, तो शाफ्टला थांबवतो. लगेच तिथून पहिल्यात. लोण्यासारखा पडतो.

पण ही युक्ती उभ्या गाडीची. आमच्या रस्त्याची खोड अशी की तो धड उभं राहू देत नाही आणि धड चालूही देत नाही. काटई नाक्याला गाड्या ज्या गतीने सरकतात, तिथे दुसऱ्यात इंजिन गचके देतं आणि पहिला आत घेत नाही. यावर मामांचा उपाय साधा होता. सरकायचंच नाही. पूर्ण थांबायचं, पुढे जागा होऊ द्यायची, मग दुसरा, पहिला आणि निघायचं. फक्त झालेल्या जागेत तोवर दोन रिक्षा, एक टेम्पो आणि घरी परतणारं एक सबंध कुटुंब मोटारसायकलवरून येऊन बसलेलं असायचं.

"येऊ दे," मामा म्हणायचे. "त्यांना तरी कुठे सिंक्रो आहे?"

हे मात्र शंभर टक्के खरं. रिक्षाला सिंक्रो नसतो, मोटारसायकललाही नसतो. मोटारसायकलमध्ये गिअरांच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. बाजूचे मोजके जाड खुंट खोबणीत बसले की गिअर पडतो. सकाळी पहिला टाकताना जो "खट्" आवाज येतो, तो त्या खुंटांचा. आणि शर्यतीच्या मोटारीत हीच रचना असते, कारण पितळी कड्याने वेग जुळवीपर्यंत थांबायला तिथे कुणाला सवड नसते. शर्यतीतला ड्रायव्हर गिअर चढवताना पाय निमिषभर उचलतो आणि क्लच न दाबता दांडा ठासून ओढतो. भीत भीत टाकला तर खुंट एकमेकांवर आपटून झिजतात. 1989 साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्टीवर गिअर आणला आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत मॅन्सेलने जिंकली. तेव्हापासून तो ठासून ओढण्याचा पराक्रमही यंत्राकडे गेला. आमचा दूधवाला अजून स्वतःच्या पायाने टाकतो.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. आता ज्या गाड्यांत क्लचचं पेडलच नाही, त्यांत बसूनही लोक त्याच रस्त्यावर येतात. फरक एवढाच, की पद्मिनीत दुसऱ्याचा वेग न बघता घुसायला गेलं की ओरडा घुसणाऱ्यालाच बसायचा, तोही त्याच्याच पायाखालून, घरच्यांदेखत. आता घुसणाऱ्याच्या गाडीत गाणं चालू असतं आणि हॉर्न मागचे वाजवतात.

मामांनी यावर तोडगा काढलाय. आरटीओत लायसन्ससाठी आठचा आकडा काढायला लावतात, त्याआधी प्रत्येकाला अर्धा तास पद्मिनीचा पहिला गिअर टाकायला द्यावा. ज्याचा आवाज येईल त्याने घरी बसावं, ज्याचा येणार नाही त्याने कल्याण-शीळला यावं. ही योजना त्यांनी परवा जेवताना मांडली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला असावा.

मामीने भाकरी वाढता वाढता विचारलं, "आवाज येईल त्याने घरी बसायचं ना? मग उद्या भाजी मी एकटीच आणते."