आचार्यांना मागच्या दाराने घ्या

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने मोठा घोळ केला आहे. सॉफ्टवेअर मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे सांगण्यात मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांची १९८३ पासूनची वर्षं गेली. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. तरी आईने शेजारच्या काकूंना माझा उद्योग सांगताना नेमका दुसराच निवडला. ‘रात्री दोन-दोनपर्यंत कॉम्प्युटरवर काम करतो. फुकट!’

काम म्हणजे मराठीचा कळफलक आणि शुद्धलेखन तपासनीस. करणारे आम्ही अकरा जण : पुणे, नाशिक, कोल्हापूर, एक बडोद्याचा आणि खारघरचा मी. पाच वर्षांत एकमेकांच्या हजारो ओळी खोडल्या, पण तोंडं कधी पाहिली नव्हती. मूळ प्रकल्प ज्याने सुरू केला, तोच सगळं ठरवायचा. मुक्तस्रोताच्या जगात अशा माणसाला ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणतात. पायथन भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम असेच हुकूमशहा होते. एका ठिपके-बरोबरच्या चिन्हावरून इतकं भांडण झालं, की २०१८च्या जुलैमध्ये त्यांनी पद सोडलं आणि पुढे पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आलं. आमच्या हुकूमशहाला मुलगी झाली. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा निरोप आला : ‘घरी आता नवीन हुकूमशहा आहे. तुमचं तुम्ही बघा.’

म्हणून बैठक. शनिवारी नेतृत्वाची, रविवारी विकासकांची. अकरांतले नऊ जण दोन्हीकडे होते ही गोष्ट वेगळी.

जागा खारघर ठरली, कारण पुण्याकडून येणाऱ्यांना सोयीचं, शिवाय मी ‘जवळच पांडवकड्याचा धबधबा आहे’ असं लिहून बसलो होतो. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते, हे मी लिहिलं नव्हतं. माझं एक वैचारिक कारणही होतं. भारतीय लिप्या लिनक्सवर नीट दिसाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प झाला तो एनसीएसटी या संस्थेत. ती पुढे सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत विलीन झाली आणि सी-डॅकचं मुंबई केंद्र आमच्या खारघर स्टेशनसमोर आहे. पत्ता मात्र सीबीडी बेलापूर, सेक्टर ७. समोर खारघर, कागदावर बेलापूर. पाहुण्यांचं काय होणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

हॉलसाठी सोसायटीच्या चेअरमनकाकांकडे गेलो.

‘कंपनीचं नाव?’

‘कंपनी नाही.’

‘मग ट्रस्ट?’

‘ट्रस्टही नाही.’

‘मालक कोण?’

‘कुणीच नाही. म्हणजे सगळेच. काका, उद्या तुम्हीसुद्धा त्यात बदल सुचवू शकता.’

‘मला आत्ता भाडं कोण भरणार तेवढं सुचवा.’

भाडं मी भरलं. वॉचमनमामांना सांगितलं, की शनिवार-रविवार बैठक आहे. मामा अलिबागकडचे. रायगडात बैठक म्हणजे दासबोधाची. त्यांनी हॉल धुऊन घेतला, खुर्च्या कोपऱ्यात लावल्या, चटया अंथरल्या आणि दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडत चपला काढायला लावल्या. पाच वर्षं कडाकडा भांडणारे प्रोग्रामर मांडी घालून, खाली मान घालून लॅपटॉपपुढे बसले. मामा समाधानाने गेले.

शनिवारी कार्यक्रमपत्रिकेत पंधरा विषय होते. ‘प्रकल्पाची घटना’ हा पहिला विषय सहा मिनिटांत संपला, कारण मसुदा कुणी वाचलाच नव्हता. दुसरा विषय टी-शर्टचा रंग. ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५७ साली लिहून ठेवलं आहे, की समिती अणुभट्टी क्षणात मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण शेड सगळ्यांना कळते. पण पार्किन्सनला महाराष्ट्रात टी-शर्ट काढायचा नव्हता. भगवा म्हटलं की एक जण थांबवतो. निळा म्हटलं की दुसरा विचारतो, कुठला निळा? हिरव्याला कोल्हापूरकर ‘गावात परत जायचंय मला’ म्हणाला. पांढरा मळतो. दीड तासाने राखाडी ठरला. तो कुणालाच आवडला नाही, म्हणून एकमताने.

मग अक्षरांचा विषय निघाला आणि मात्र मजा आली. ‘ल’ पाकळीचा की दांडीचा, ‘श’ देठाचा की गाठीचा? प्रमाण वर्णमालेचे शासन निर्णय २००९ साली निघाले, २०२२ साली पुन्हा निघाले. बडोदेकराने दोन्हींच्या छापील प्रती आणल्या होत्या आणि तो त्या पोथीसारख्या मांडीवर घेऊन बसला होता. मामांनी दारातून डोकावून बघितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं तर.

विषय क्रमांक नऊ, ‘ऱ्य’चा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. वरचा रफार आणि मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र, दोन्ही मराठीला लागतात. संगणकात हा अर्धा र साठवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मागे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह, जे डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. आमचा कळफलक दुसरी रीत वापरायचा. ते अदृश्य चिन्ह वाटेत एखाद्या प्रणालीला कचरा वाटलं, तर ती ते झाडून टाकते, आणि उरतो नुसता रफार. ही तक्रार आमच्या यादीत तीन वर्षं पडून होती. शेरा : किरकोळ. आम्ही तो शेरा कायम ठेवून चहाला उठलो.

रविवारी हार्बर लोकलला मेगाब्लॉक. बेलापूरहून नवी मुंबई मेट्रोने या, असं मी सगळ्यांना कळवलं. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३पासून धावते आणि खारघरातूनच जाते. उत्सव चौकाला उतरा, असं स्पष्ट लिहिलं होतं. शनिवारी रात्री ठाण्याला मावशीकडे झोपायला गेलेला नाशिककर, नावात खारघर आहे म्हणून भलत्याच स्थानकावर उतरला आणि तिथून सेक्टरांचे आकडे मोजत चालत आला. खारघरचे सेक्टर आकड्यांप्रमाणे ओळीने येतात, अशी त्याची समजूत होती. तो अकराला पोचला.

ब्लॉकमुळे पाहुण्यांना आणायला धावावं लागेल, या धास्तीने मी आदल्या रात्रीच आमच्या खजिनदाराला जेवणाचा निरोप पाठवला होता. आमच्याच कळफलकावर टाइप केलेला. मी लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांना बारा वाजता मागच्या दाराने घ्या. पाचशे आगाऊ दिलेत, बाकीचे खाऊ घातल्यावर.’

अदृश्य चिन्ह वाटेत झडलं. खजिनदाराच्या हाती पडलं ते ‘आचार्यांना’.

आता खजिनदार हा पुण्याचा सभ्य माणूस. कुठल्याशा विद्वान आचार्यांना मी पाचशे रुपयांत बोलावतो, उरलेले पैसे जेवून झाल्यावर देणार म्हणतो आणि वर मागच्या दाराने घ्या म्हणतो, याचा त्याला रात्रभर त्रास झाला. सकाळी त्याने माझ्या नकळत शाल आणि नारळ आणला. बारा वाजता पातेलं आणि झारा घेऊन आचारी मागच्या दाराशी आले, तेव्हा दोघांनी त्यांना हात धरून पुढच्या दाराने आणलं, खुर्चीवर बसवलं आणि शाल घातली. आचाऱ्यांना वाटलं, ही इथली पद्धत असेल. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले, ‘माणसं किती ते नक्की सांगा. तांदूळ भिजत घालायचाय.’

दोन दिवसांतला हा एकमेव नेमका प्रश्न होता. त्यालाही अकरा जणांनी तीन उत्तरं दिली.

घोळ कशाने झाला हे कोल्हापूरकराच्या पहिल्यांदा लक्षात आलं. त्याने माझा आणि खजिनदाराचा फोन शेजारी धरला आणि काही न बोलता लॅपटॉप उघडला. मसालेभाताला वाफ येईपर्यंत दुरुस्ती लिहून झाली, तपासून झाली आणि प्रकल्पात गेली. पुढच्या आवृत्तीत पहिली रीत आहे. नेता कोण, हे अजून ठरलेलं नाही. शाल आचाऱ्यांकडे आहे. सत्काराचा नारळ त्यांनी तिथेच फोडून, खवून मसालेभातावर घातला.

पुढची बैठक हिवाळ्यात घ्यायची आहे. हार्बरला ब्लॉक नसलेला एखादा रविवार कुणाला ठाऊक असेल, तर कृपया कळवावा.