पिंपाचं घराणं

बर्बन या अमेरिकी व्हिस्कीचा विषय निघाला की स्कॉच पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर, स्थळ नाकारून आलेल्या मध्यस्थाचा भाव येतो. मुलगा चांगला आहे हो, कमावता आहे, पण घराणं... प्रस्तुत लेखकाने हा भाव बऱ्याच मेहनतीने कमावला आहे. त्याचं वाक्यही ठरलेलं असतं: "बर्बन वाईट नसते. गोड असते." यातला 'गोड' कुठल्या सुरात म्हणायचा ते लिहून दाखवता येत नाही. काही वर्षं पुण्यात काढली की तो आपोआप लागतो.

प्रस्तुत लेखकाची या क्षेत्रातली मालमत्ता म्हणजे नाक. ते तो तोंडाशी निमुळत्या होत गेलेल्या ग्लासात घालतो, डोळे मिटतो, चमचाभर पाणी टाकतो (बर्फ मागणाऱ्याकडे अनुकंपेने बघतो) आणि जाहीर करतो, "सुकं अंजीर. ओलं चामडं. आणि लांबवर कुठेतरी धूर." एकदा भाच्याने विचारलं, "मामा, ओलं चामडं तू कधी खाल्लंस?" असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं की रसिकता संपून चौकशी सुरू होते. एकदा भर पंगतीत कुणी स्कॉटलंडमधल्या एका बेटाला 'इस्ले' म्हणालं, तेव्हा लेखक ताडकन 'आयला' असं ओरडला होता. उच्चार अगदी बरोबर होता. पण शेजारी बसलेल्या काकूंनी ताट उचलून जागा बदलली.

त्याच आयला बेटावरची लाफ्रॉइग ही लेखकाची आवडती स्कॉच. तिथे भिजवून मोड काढलेले सातू पीट जाळून, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत पडलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या विटा जाळून, त्या धुरावर सुकवतात. त्या धुरातली फिनॉल-कुळातली रसायनं दाण्यात शिरतात ती थेट बाटलीपर्यंत पोचतात. लेखकाच्या पत्नीने एकदा बूच उघडून वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे गुडघ्याला लावायचं ना?" तिची चूक नव्हती. अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉइग तिथे औषध म्हणून खपत होती असं सांगतात. वास घेतल्यावर कस्टमवाल्यांनाही शंका आली नसावी. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली रीतसर परवाना काढून पिणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

तर लेखकाचे साडू सिनसिनाटीला असतात. मध्ये ओहायो नदी, पलीकडे केंटकी. त्यामुळे ते येताना बर्बन आणतात. साडू इंजिनिअर आहेत, त्यांना चवीपेक्षा नियम पाठ. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका हवा. ती अमेरिकेतच बनायला हवी, पण केंटकीतच असं काही नाही. पिंपात भरताना दारू ६२.५ टक्क्यांहून कडक चालत नाही. पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं करकरीत हवं. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठरावच करून बर्बनला देशाचं खास उत्पादन म्हटलं. राई (मोहरी नव्हे, त्या नावाचं धान्य) जास्त घातली तर मिरपूड लागते. मेकर्स मार्कवाले राईऐवजी गहू घालतात, म्हणून ती मऊ. हे सगळं ते एका दमात सांगतात आणि मग बर्फ मागतात.

गोडपणाबद्दलही त्यांनी एकदा खुंटा हलवला. म्हणाले, ऊर्ध्वपातनात साखर वर चढतच नाही. बर्बनमध्ये साखर औषधालाही नसते. मग जे गोड लागतं ते काय? तर लाकूड. ओक जाळला की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच. अमेरिकी पांढऱ्या ओकातल्या लॅक्टोनचा वास ओल्या खोबऱ्यासारखा येतो. वास नाकात शिरतो आणि जीभ खुशाल 'गोड' म्हणून मोकळी होते.

इथे थोडं पिंपाबद्दल बोललं पाहिजे. थोडं म्हणजे लेखकाच्या मानाने थोडं.

बर्बनचं पिंप साधारण दोनशे लिटरचं. ते बांधून झालं की आतून पेटवतात. सगळ्यात कडक भाजणीला मिनिटभराच्या आतबाहेर वेळ लागतो, तेवढ्यात आतलं लाकूड कोळसा होऊन तडकतं आणि मगरीच्या पाठीसारखं दिसू लागतं. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून त्या भेगांतून लाकडात घुसते, थंडीत आकसून बाहेर येते, आणि येताना रंग, व्हॅनिला, खोबरं घेऊन येते. काही वर्षांनी पिंप रिकामं होतं. आता कायदा म्हणतो, बर्बनला पिंप कोरंच हवं. म्हणजे एकदाच वापरलेलं, धडधाकट पिंप बेकार! टॅबॅस्को सॉसवाले असल्या पिंपांत मिरचीचा ठेचा मुरवतात. पण ढीगच्या ढीग पिंपं जातात स्कॉटलंडला.

पूर्वी स्कॉटलंडचं भागत होतं स्पेनहून येणाऱ्या शेरीच्या पिंपांवर. लेखकाच्या जिभेवरचं सुकं अंजीर तिथलं. पुढे शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ती पिंपं दुर्मीळ झाली. आज बहुतेक स्कॉच मुरते ती बर्बनच्या उतरलेल्या पिंपात. क्रेगेलाकी गावातल्या स्पेसाइड कूपरेजमध्ये या पिंपांच्या दुरुस्तीचं काम पाहुण्यांना गॅलरीतून बघता येतं: कारागीर हातोड्याने लोखंडी पट्ट्या उतरवतात, फळ्या सुट्या करतात, गळकी फळी बदलतात आणि पुन्हा बांधतात. बाहेरची हवा थंड, त्यामुळे मुरायला वेळ लागतो. कायद्याने किमान तीन वर्षं, प्रतिष्ठेने किमान बारा. दरवर्षी दोनेक टक्के दारू उडून जाते, तो म्हणे देवदूतांचा वाटा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट तयार होते, तीही मुख्यतः बर्बनच्याच पिंपांत. तिथल्या उकाड्यात हा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. गोव्यात आल्यावर देवदूतही जरा सैल सुटत असावेत.

थोडक्यात, लेखक ज्या स्कॉचमध्ये डोळे मिटून 'मधाची झाक, किंचित व्हॅनिला' शोधतो, ती झाक केंटकीच्या कोठारातून आलेली असते. तो ग्लास दिव्यासमोर धरून ज्या सोनेरी रंगावर लुब्ध होतो, त्यात साधा कॅरॅमल असू शकतो. स्कॉचच्या नियमात तो बसतो. बर्बनमध्ये वरून रंग घालायला बंदी आहे. हे साडूंनी सांगितलं तेव्हा लेखकाने विषय बदलून त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

घराण्याच्या या गप्पा लेखकाला एरवी प्रिय असतात. एका बैठकीत मात्र एक जाणकार म्हणाले, आपल्याकडे लोक जन्मभर पितात ती व्हिस्कीच नव्हे, मळीचं स्पिरिट. युरोपात व्हिस्की म्हणून विकूही देणार नाहीत. खरंच आहे, तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. पण लेखकाला अचानक राग आला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर तीच प्यायली, शनिवारी, सोडा आणि खारे शेंगदाणे घेऊन. कुणीतरी दुबईहून आणलेली स्कॉच कपाटात कुलपात असायची, पाहुण्यांसाठी. ती संपल्यावर बाटली धुऊन फ्रिजमध्ये पाण्याला. वडिलांनी कधी अंजीर ओळखलं नाही की चामडं. पहिला घोट घेऊन ते फक्त म्हणायचे, "बरी आहे." जाणकारांना यातलं काहीच सांगता आलं नाही. लेखक उठून शेंगदाणे घेऊन आला.

ती बाटली कुलपात होती ती आयातशुल्काच्या धाकाने. हा धाक आता ढिला होतोय. फेब्रुवारी २०२५मध्ये भारताने बर्बनवरचं दीडशे टक्के शुल्क शंभरावर आणलं. जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरचं आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणायचं ठरलं. लेखकाने लगेच आपल्या वयात दहा मिळवून पाहिले आणि साडूंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरांनी आत्ताच तुमचं कितीवर आणलंय?"