मसालेदार रम चाखण्याची शास्त्रोक्त रीत

पहिला नियम: बाटलीवरचा मजकूर वाचू नये. तिथे दालचिनी, लवंग, जायफळ, चक्रीफूल, संत्र्याची साल आणि व्हॅनिला अशी यादी असते. ती एकदा वाचली की जाणकार मंडळींना नेमक्या तेवढ्याच चवी लागतात, एकही जास्त नाही. बीड जिल्ह्यात धारूर-केजकडे घरचा काळा मसाला भाजणाऱ्या बाईला ही यादी दाखवली, तर ती आधी दगडफूल कुठंय म्हणून विचारेल. तिच्या नाकापुढे या मंडळींचे प्रशस्तिपत्र ते काय!

दुसरा नियम: पेल्यात नाक खुपसू नये. आपल्याकडच्या रममध्ये बहुधा 42.8 टक्के मद्यार्क असतो. तो आधी नाक भाजतो, मग वास देतो. तोंड किंचित उघडे ठेवून लांबूनच हुंगावे, मग चमचाभर पाणी घालावे. लवंगेतल्या युजेनॉलने जीभ बधिर होते, म्हणून तर दाढ दुखली की लवंग धरतात. त्या बधिरपणाला ‘दीर्घकाळ रेंगाळणारी चव’ म्हणणे हा दाढेचा अपमान आहे. एक थेंब दोन बोटांत चोळून वाळू द्यावा. बोटे चिकटली तर ‘मखमली पोत’ साखरेचा समजावा. गडद रंगावर भाळू नये, तो कॅरॅमलचाही असतो.

तिसरा नियम मुख्य, आणि तो कुणी पाळत नाही: मसाला बाजूला सारून खालचा ऊस शोधावा. तो सहसा सापडत नाही. मळी आंबवून उंच मनोऱ्यात 95 टक्क्यांच्या वर ऊर्ध्वपातन केले, की उसाचा गंध जवळजवळ निघून जातो. मग त्या कोऱ्या मद्यार्काला काहीतरी व्यक्तिमत्त्व हवे, म्हणून वनस्पती येतात. युरोपीय संघाच्या नियमांत रममध्ये स्वाद मिसळायला मुभा नाही. मसाला घातलेले पेय तिथे नुसत्या ‘रम’ या नावाने विकता येत नाही. यावर कुणी म्हणेल, काळा मसाला तरी दुसरे काय करतो? आक्षेप वजनदार आहे. पण काळ्या मसाल्याच्या आमटीत डाळ लागते, आणि लागली नाही तर सुगरणीला ऐकून घ्यावे लागते. रमवाल्याला कुणीच काही ऐकवत नाही. ज्या रममध्ये मसाल्याखालून मळीचा कडवट-गोड, किंचित जळकट वास वर येतो, ती चांगली. अशा रमला मसाला शोभतोसुद्धा.

हा हट्ट बीड जिल्ह्यातून धरण्याला कारण आहे. दिवाळीच्या सुमारास इथले हजारो कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, मुकादमाची आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. एका टन उसातून साधारण 40 किलो मळी निघते, तिच्यातून सुमारे 10 लिटर मद्यार्क, आणि पाणी घालून 42.8 टक्क्यांवर आणला की 750 मिलिलिटरच्या तीसेक बाटल्या. त्या टनाच्या तोडणीची मजुरी मात्र जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढूनही चारशे रुपयांच्या आतच राहिली. मळी हे साखरेचे उपउत्पादन, सगळी मजुरी तिच्या माथी मारू नये, हेही खरे. तरी संत्र्याच्या सालीला नावानिशी मान देणाऱ्या लेबलावर ऊस कुठल्या शिवारातला, एवढे छापायला शाई किती लागते?

उरलेले नियम किरकोळ आहेत. बर्फ शेवटी घालावा, कारण थंडीत वास मिटतो. सोबत खारे शेंगदाणे चालतात. कोला ओतणाऱ्यांनी वरचे काहीही वाचण्याची गरज नाही. त्यांनी सर्वांत स्वस्त बाटली आणावी आणि सुखात राहावे.