बुवांच्या पेटीचा भाव

जुनी बाजाची पेटी (हार्मोनियम) विकायला निघाली की तिच्यात एकाएकी ‘जर्मन सूर’, म्हणजे जर्मन रीड्स, उगवतात. शिवाय ती कुणा नामवंत बुवांच्या साथीला वाजलेली असते आणि बुवा, सोयीस्करपणे, हयात नसतात. म्हणजे भाव ठरतो तो वंशावळीवर. गंमत अशी की, याच वाद्याला परकं म्हणत आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं दाराबाहेर ठेवलं होतं. आज त्याच परकेपणाचे चार पैसे जास्त मागतात.

मुरलेलं लाकूड आणि चांगले जुने सूर गोड बोलतात, हे म्हणणं खोटं नाही. पण मग झाकण उघडून सूर दाखवायला संकोच कसला? भाता भरा आणि एकही पट्टी दाबू नका. तो फुसफुसत लगेच बसला, की वंशावळ तिथेच संपली. घेणाराही काही साधू नसतो. ‘पोराला शिकायचंय हो’ म्हणत तो निम्म्याने मागतो आणि पोराला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा भाता, सूर, पट्ट्या तपासा, दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि बुवांचे पैसे देऊ नका.